क्षेत्ररक्षणाचा हिशेब कोण ठेवणार?

२१ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर झालेल्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा धावफलक आज कोणी उघडून पाहिला, तर व्हिव्हियन रिचर्ड्स या नावापुढे ‘त्रिफळा गिल्मोर ५’ एवढीच नोंद सापडते. त्या दिवशी रिचर्ड्स अपयशी ठरला, असाच निष्कर्ष त्यावरून कोणीही काढील. प्रत्यक्षात वेस्ट इंडिजच्या २९१ धावांचा पाठलाग करणाऱ्या ऑस्ट्रेलियाचे पाच फलंदाज धावबाद झाले आणि त्यांपैकी तिघांच्या बाद होण्यामागे रिचर्ड्सचा हात होता. ॲलन टर्नर आणि ग्रेग चॅपल यांना त्याने थेट फेकीने बाद केले, तर जम बसलेल्या इयान चॅपलच्या वेळी त्याची फेक गोलंदाजाच्या टोकाला उभ्या असलेल्या क्लाइव्ह लॉइडच्या हाती गेली. ऑस्ट्रेलियाला सामना अवघ्या १७ धावांनी गमवावा लागला. शतकवीर लॉइडचे १०२ आणि गिल्मोरचे पाच बळी धावफलकात ठळकपणे दिसतात. सामन्याचे पारडे फिरवणारे ते तीन क्षण मात्र ‘धावबाद’ या एका निनावी शब्दात विरघळून गेले आहेत.

क्रिकेटइतका आकड्यांचा सोस क्वचितच दुसऱ्या एखाद्या खेळाला असेल. फलंदाजाची सरासरी, त्याचा धावांचा वेग, गोलंदाजाने एका बळीसाठी मोजलेल्या धावा, अगदी कोणत्या बाजूने गोलंदाजी करताना कोणाला किती यश आले येथपर्यंत सारे काही नोंदवले जाते. क्षेत्ररक्षणाच्या वाट्याला मात्र घेतलेल्या झेलांची एक संख्या आणि अलीकडे धावबादपुढे कंसात येणारी नावे यांपलीकडे फारसे काही येत नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची क्रमवारी फलंदाजांची आहे, गोलंदाजांची आहे, अष्टपैलूंचीही आहे, क्षेत्ररक्षकांची नाही. त्यामुळे सर्वश्रेष्ठ क्षेत्ररक्षक कोण, या प्रश्नावरचा वाद नेहमी चित्रफितींच्या आधारे लढला जातो, आणि चित्रफितीत सूर मारणारा खेळाडू आधीच जागेवर पोहोचलेल्या खेळाडूपेक्षा नेहमीच मोठा दिसतो. क्षेत्ररक्षणाची पद्धतशीर आणि जाहीर नोंद होत नाही, तोवर या कलेतले खरे श्रेष्ठत्व आपण चुकीच्या ठिकाणी शोधत राहू, असे माझे मत आहे. (यष्टिरक्षकांचा विचार येथे केलेला नाही, त्यांचे काम वेगळे आणि त्यांचे मोजमापही वेगळे.)

सूर मारण्याच्या कौतुकाचा उगम बहुतेकांच्या मनात ८ मार्च १९९२ या दिवसाशी जोडलेला असतो. ब्रिस्बेनमधल्या त्या विश्वचषक सामन्यात पाकिस्तानचा इंझमाम-उल-हक ४८ धावांवर खेळत होता. चेंडू पायाला लागून बाजूला गेला, इंझमाम धावेसाठी निघाला, दुसऱ्या टोकाच्या इम्रान खानने त्याला परत पाठवले आणि तेवढ्यात बॅकवर्ड पॉइंटवरून धावत आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या जाँटी ऱ्होड्सने चेंडूसह स्वतःला यष्ट्यांवर झोकून दिले. हवेत आडवा झालेला जाँटी आणि उखडलेल्या यष्ट्या हे छायाचित्र जगभर गेले आणि क्षेत्ररक्षणाचे बोधचिन्हच होऊन बसले. पण त्या क्षणातला सर्वांत मौल्यवान भाग छायाचित्रात आलेलाच नाही. इंझमाम वळण्याआधी जाँटी निघालेला होता, आणि चेंडू हातात आल्यावर फेकावा की घेऊन धावावे याचा निर्णय त्याने धावता धावताच घेतला होता. त्या कोनातून फेक चुकली असती, तर फलंदाज वाचला असता; धावत जाण्यात वेळ थोडा जास्त लागणार होता, पण चूक होण्याची शक्यता फार कमी होती. झेप ही त्या निर्णयाची शेवटची पायरी होती. आपण मात्र पायरीचेच छायाचित्र भिंतीवर लावले.

जाँटीच्या थोरवीचा त्याहून मोठा पुरावा न काढल्या गेलेल्या धावांत आहे. तो पॉइंटवर उभा असताना फलंदाज त्या बाजूला चेंडू हळुवार ढकलून चोरटी धाव घेण्याचा विचार सोडून देत. एकदिवसीय सामन्यात निर्धाव चेंडूंची संख्या वाढली की फलंदाजावरचे दडपण वाढते, दडपण वाढले की तो धोक्याचा फटका खेळतो, आणि त्या फटक्यावर पडलेला बळी गोलंदाजाच्या खात्यात जमा होतो. या साखळीची पहिली कडी ज्याने घातली, त्याचे नाव कुठेच लागत नाही. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिरो चषक स्पर्धेत वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने पाच झेल घेतले आणि त्याला सामनावीर ठरवण्यात आले. एखाद्याला मुख्यतः क्षेत्ररक्षणासाठी हा मान मिळावा, ही घटना इतकी दुर्मीळ आहे, की ती आजही अपवाद म्हणूनच सांगितली जाते.

क्षेत्ररक्षणाची उत्कृष्टता मोजायची असेल, तर आधी वेळेचे गणित मांडावे लागते. दोन्ही टोकांच्या फलंदाजी रेषांमधले अंतर १७.६८ मीटर आहे आणि उभ्या स्थितीतून निघालेल्या फलंदाजाला ते कापायला साधारण तीन सेकंद लागतात. ताशी १०० किलोमीटर वेगाची फेक २५ मीटर अंतर एका सेकंदाच्या आत पार करते. म्हणजे चेंडूपर्यंत पोहोचणे, वाकणे, तो उचलणे, शरीर योग्य दिशेला वळवणे आणि फेकणे या साऱ्यासाठी क्षेत्ररक्षकाजवळ जेमतेम दोन सेकंद उरतात. यात सर्वांत मोठी बचत हाताच्या ताकदीने होत नाही, ती पहिल्या पावलाने होते. गोलंदाज धावत येत असताना क्षेत्ररक्षक चालत पुढे येतो, चेंडू बॅटला लागण्याच्या क्षणी त्याचे दोन्ही पाय किंचित रुंद आणि वजन चवड्यांवर असते, आणि फलंदाजाचा पुढचा खांदा व बॅटची दिशा पाहून तो आधीच एका बाजूला झुकलेला असतो. हे ज्याला साधले, त्याला सूर मारण्याची वेळच कमी येते. मोठ्या क्षेत्ररक्षकांचे खेळणे अनेकदा अगदी साधे वाटते, याचे कारण हेच आहे.

या जातीचे उदाहरण म्हणून मला कॉलिन ब्लँडचे नाव घ्यावेसे वाटते. दक्षिण आफ्रिकेकडून तो अवघ्या २१ कसोटी खेळला. यष्टी उभी करून तिच्यावर तासन् तास चेंडू फेकण्याचा सराव त्याने केला, आणि तोही अशा काळात, जेव्हा क्षेत्ररक्षणाचा वेगळा सराव करणे बहुतेक खेळाडूंना वेळेचा अपव्यय वाटत असे. १९६५ च्या लॉर्ड्स कसोटीत ९१ धावांवर खेळणारा केन बॅरिंग्टन आणि त्यानंतर जिम पार्क्स हे दोघेही त्याच्या फेकीवर धावबाद झाले. फेकीची अचूकता ही जन्मजात देणगी नसून ती घोटून मिळवता येते, हे ब्लँडने दाखवून दिले. पुढे रिकी पाँटिंगने एक-दोन यष्ट्याच दिसत असलेल्या कोनांतून केलेल्या थेट फेकी पाहणाऱ्यांना त्या परंपरेचा विस्तारच दिसला असेल. १९८७ मध्ये लॉर्ड्सवर एमसीसी या क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या क्लबच्या द्विशताब्दी सामन्यात रॉजर हार्परने ग्रॅहम गूचला ज्या रीतीने बाद केले, तेही याच वर्गातले. चेंडू टाकून पुढे आलेल्या हार्परने गूचचा सरळ मारलेला जोरकस फटका अडवला आणि त्याच ओघात परत यष्ट्यांवर फेकला. शतक ठोकून बसलेला गूच धाव घेत नव्हता. तो पुढे सरसावून फटका मारल्यावर केवळ रेषेच्या बाहेर राहिला होता.

आता दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ जाऊ. येथे माझे मत जरा ठाम आहे: क्रिकेटमधले सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी कौतुक झालेले क्षेत्ररक्षण फॉरवर्ड शॉर्ट लेगला होते. बॅटपासून दोन-अडीच मीटरवर उभ्या असलेल्या माणसाकडे बॅट-पॅडला लागून ताशी ५० किलोमीटर वेगाने चेंडू उडाला, तर तो पोहोचायला एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळ लागतो. माणसाच्या डोळ्याने पाहून हात हलवायला साधारण तेवढाच वेळ जातो. याचा सरळ अर्थ असा, की चेंडू उडाल्यावर प्रतिक्रिया देणारा माणूस तेथे झेल घेऊच शकत नाही. त्याला तो आधीच ओळखावा लागतो. गोलंदाजाने चेंडूला दिलेली उंची, फलंदाजाचे पुढे आलेले पाऊल, पॅडच्या मागे राहिलेली किंवा पुढे आलेली बॅट, घट्ट किंवा सैल झालेले मनगट या सगळ्यांचे वाचन करून हात योग्य ठिकाणी नेऊन ठेवावे लागतात. आणि हे सर्व करताना, फलंदाज पुढच्याच चेंडूवर जोरात स्वीप मारू शकतो ही जाणीव मनात असताना, मान फिरवायची नाही आणि डोळे मिटायचे नाहीत.

भारताचा एकनाथ सोलकर हे सारे हेल्मेट न घालता करीत असे. २७ कसोटींत ५३ झेल हा त्याचा आकडा आहे; म्हणजे दर कसोटीला जवळपास दोन. किमान वीस कसोटी खेळलेल्या क्षेत्ररक्षकांत इतके प्रमाण कोणाचेच नाही. त्याची तुलना थोरांशी करून पाहावी. स्लिपमधला, म्हणजे यष्टिरक्षकाच्या शेजारच्या जागेवरचा, आदर्श मानल्या जाणाऱ्या बॉब सिम्प्सनचे ६२ कसोटींत ११० झेल होते, मार्क वॉचे १२८ कसोटींत १८१ आणि राहुल द्रविडचे १६४ कसोटींत २१०. द्रविडचा तो विक्रम २०२५ मध्ये लॉर्ड्सवर जो रूटने मोडेपर्यंत सर्वोच्च होता. पण सोलकरचा आकडा त्याहूनही बोलका ठरतो तो एका कारणाने. त्याच्या काळात भारताकडे नाव घेण्याजोगा वेगवान मारा नव्हता. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या चौघांच्या फिरकीवर संघ उभा होता, आणि फिरकीचे बळी बहुतांशी बॅटच्या आसपासच मिळतात. सोलकर शॉर्ट लेगला, वाडेकर स्लिपमध्ये आणि वेंकटराघवन स्वतः गोलंदाजी करीत नसेल तेव्हा गलीत. या कड्याशिवाय त्या फिरकीची धार अर्धी राहिली असती. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर भारताने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी सर्वांच्या तोंडी झाले आणि ते योग्यच होते. पण भारताला त्या मालिकेत वारंवार सतावणारा ॲलन नॉट दुसऱ्या डावात एका धावेवर वेंकटराघवनच्या चेंडूवर सोलकरच्या हाती लागला. पुढे झेपावलेल्या सोलकरने तो जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर टिपला होता. नॉट टिकला असता, तर त्या डावाचे काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे.

आकड्यांवर विसंबण्यातला धोका येथेच लक्षात घ्यायला हवा, कारण माझ्या बाजूच्या युक्तिवादालाही तो लागू आहे. झेलांची संख्या ही संधींच्या संख्येवर अवलंबून असते आणि संधी गोलंदाज निर्माण करतात. महेला जयवर्धनेने मुथय्या मुरलीधरनच्या गोलंदाजीवर कसोटीत ७७ झेल घेतले. यष्टिरक्षक सोडून इतर कोणत्याही जोडीला हे जमलेले नाही; पण मुरलीधरनसारखा गोलंदाज वर्षानुवर्षे एका टोकाने मारा करीत असताना पहिल्या स्लिपमध्ये उभे राहण्याचे भाग्य किती जणांना लाभते? तसेच एका सामन्यातल्या विक्रमाचेही. यजुर्वेंद्र सिंगने १९७७ मध्ये बंगळूरला इंग्लंडविरुद्ध सात झेल घेतले आणि २०१५ मध्ये गॉल कसोटीत अजिंक्य रहाणेने आठ. दोघेही उत्तम क्षेत्ररक्षक होते यात शंका नाही, पण किती संधी त्यांच्याकडे आल्या आणि त्यांतल्या किती अवघड होत्या, हे त्या संख्येतून कळत नाही. सोलकरच्या बाबतीतही अवघड किती आणि सोपे किती, हे आपल्याला पाहणाऱ्यांच्या आठवणींवरून ठरवावे लागते. घेतलेल्या झेलांची यादी म्हणजे अंश आहे; छेद आपण कधी लिहूनच ठेवला नाही.

स्लिपमधल्या कौशल्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण तेथे प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाच्या चेंडूची कड लागली, तर पंधरा-अठरा मीटर मागे उभ्या असलेल्या स्लिपला अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर वेळ मिळतो. पाहून हलण्यापुरता तो आहे, पण विचार करण्यापुरता नाही. म्हणून डोके स्थिर हवे, गुडघे वाकलेले हवेत, हात शरीरापुढे आणि सैल हवेत; ताठ तळव्यावर आदळलेला चेंडू उसळून बाहेर पडतो. पण खरी परीक्षा दिवसाच्या लांबीची असते. कसोटीच्या दिवसात नव्वद षटके, म्हणजे ५४० चेंडू टाकले जातात. त्यांतल्या पाचशेहून अधिक वेळा स्लिपमधल्या माणसाकडे काहीच येत नाही, आणि जो एक चेंडू येणार आहे, तो पहिल्या षटकात येईल की शेवटच्या, हे त्याला ठाऊक नसते. मार्क वॉ किंवा द्रविडसारखे लोक दोन चेंडूंच्या मधल्या वेळेत मन मोकळे सोडत आणि गोलंदाजाने धाव घेतली की पुन्हा एकवटत. लक्ष सतत ताणून धरणारा माणूस चहापानापर्यंत थकून जातो. ही शिस्त पडद्यावर दिसत नाही. दिसतो तो फक्त शेवटी हातात विसावलेला चेंडू, आणि तोही इतका सहज, की पाहणाऱ्याला तो सोपा वाटावा.

सीमारेषेवरच्या झेलांबाबत मात्र आपण आज उलट्या टोकाला गेलो आहोत. वीस षटकांच्या क्रिकेटने क्षेत्ररक्षणाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, हे मान्य करून मी पुढचे म्हणतो. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनमध्ये वीस षटकांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या असताना सूर्यकुमार यादवने लाँग ऑफला डेव्हिड मिलरचा झेल घेतला. चेंडू हातात आल्यावर सीमारेषा किती जवळ आहे याचे भान, तो आत उडवून स्वतः बाहेर जाणे, पुन्हा आत येऊन तो धरणे, हे सगळे काही क्षणांत आणि विश्वचषकाचा भार डोक्यावर असताना घडले. त्याआधी जुलै २०२१ मध्ये नॉर्थम्प्टनला हरलीन देओलने इंग्लंडच्या एमी जोन्सचा घेतलेला झेलही त्याच तोडीचा. पण या प्रकारातले सगळेच झेल तितक्या योग्यतेचे नसतात. २०२३ च्या जानेवारीत बिग बॅश स्पर्धेत मायकेल नीसरने सीमारेषेच्या बाहेर गेल्यावर हवेत उडी मारून चेंडू पुन्हा टोलवला आणि आत येऊन झेल पूर्ण केला. नियमात ते बसत होते, म्हणून फलंदाज बाद ठरला. पण जमिनीवर पाय नाही म्हणजे मी बाहेर नाही, हा तर्क शब्दांच्या खेळासारखा होता. २०२५ मध्ये एमसीसीने असे अनेकदा टोलवणे बंद करण्याचा निर्णय घेतला, तो मला रास्त वाटतो. सीमारेषेला काही अर्थ उरायचा असेल, तर तिच्या पलीकडे क्षेत्ररक्षकाला वारंवार संधी देता येणार नाही.

या चमकदार झेलांशेजारी १९८३ च्या अंतिम सामन्यातला कपिल देवचा झेल ठेवून पाहावा. भारत १८३ धावांचा बचाव करीत असताना रिचर्ड्स ३३ धावांवर सुसाट सुटला होता आणि मदनलालच्या चेंडूवर त्याने मारलेला फटका मिडविकेटच्या मागे उंच गेला. कपिलने पाठमोरे धावत, खांद्यावरून चेंडूकडे पाहत तो झेलला. ना झेप, ना लोळण. मागे धावताना चेंडूचा अंदाज घेणे हे समोर येणाऱ्या चेंडूपेक्षा कितीतरी कठीण असते, कारण डोके हलत असते आणि नजर चेंडूवरून क्षणभर जरी हटली, तरी त्याची वाट पुन्हा सापडत नाही. तो झेल आज पाहणाऱ्या एखाद्या तरुणाला साधा वाटला, तर दोष त्याचा नाही. त्याला उत्कृष्टतेची जी खूण शिकवली गेली आहे, ती त्या झेलात नाही.

झेल सुटण्याचा हिशेब तर आणखीच उद्बोधक आहे. १९९० मध्ये लॉर्ड्सवर ग्रॅहम गूचला ३६ धावांवर जीवदान मिळाले आणि त्याने ३३३ धावा केल्या. १९९४ मध्ये एजबॅस्टनला ब्रायन लाराचा झेल १८ धावांवर सुटला आणि तो ५०१ धावांवर नाबाद राहिला. (दोन्ही वेळा यष्टिरक्षकाच्या हातून, पण मुद्दा किमतीचा आहे.) १९९९ च्या विश्वचषकात हेडिंग्लेला स्टीव्ह वॉ ५६ धावांवर असताना हर्शेल गिब्जने हातात आलेला झेल घाईने वर उडवण्याच्या नादात सोडला. चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा आल्याखेरीज झेल पूर्ण होत नाही, असे नियम सांगतो आणि गिब्जला तो त्या एका क्षणात फार महागात पडला. वॉने नाबाद १२० धावा केल्या, ऑस्ट्रेलियाचे आव्हान टिकले आणि चार दिवसांनी बरोबरीत सुटलेल्या उपान्त्य सामन्यानंतर गुणतक्त्यातल्या वरच्या स्थानामुळे तोच संघ अंतिम फेरीत गेला. अलीकडचे उदाहरण जून २०२५ मधल्या हेडिंग्ले कसोटीचे. भारताच्या फलंदाजांनी सामन्यात पाच शतके ठोकली, तरीही संघ हरला, कारण त्या सामन्यात झेलांमागून झेल सुटले. ३७१ धावांच्या पाठलागात १४९ धावा करणाऱ्या बेन डकेटला ९७ वर जीवदान मिळाले होते. पाचही शतके नोंदवहीत कायमची राहतील. सुटलेले झेल अधिकृत धावफलकात एका अक्षरानेही नाहीत.

हे बदलता येईल का? बेसबॉलने हा प्रयोग फार पूर्वीच केला. त्या खेळात अधिकृत नोंदणीकार क्षेत्ररक्षकाच्या चुका शतकाहून अधिक काळ लिहून ठेवत आला आहे. त्या अनुभवातून एक धडा मिळतो आणि तो माझ्या बाजूचा नाही. केवळ चुका मोजल्या, की ज्याचा पल्ला मोठा तो खेळाडू तोट्यात जातो. जो चेंडूपर्यंत पोहोचतो त्याच्या हातून तो कधीतरी निसटतो आणि चूक लागते; जो पोहोचतच नाही, त्याच्या नावापुढे काहीच लिहिले जात नाही. क्रिकेटमध्ये ‘सुटलेले झेल’ असा एकच रकाना वाढवला, तर हेच होईल. अर्धवट संधीकडे झेपावणाऱ्या रवींद्र जडेजाच्या नावापुढे दोन सुटलेले झेल लागतील आणि तोच चेंडू जागच्या जागी उभे राहून एका टप्प्यावर घेणारा खेळाडू निष्कलंक ठरेल. शिवाय कोणती संधी झेल म्हणावी, हा निर्णय माणसावर सोपवला, की त्यात आपपर भाव शिरणारच. जे लोक क्षेत्ररक्षणाच्या नोंदींना विरोध करतात, त्यांचा हा आक्षेप गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही.

पण बेसबॉल तेथेच थांबले नाही, हे या आक्षेपकांनी पाहिले पाहिजे. २०१५ पासून तिथल्या प्रमुख लीगच्या सर्व मैदानांवर कॅमेरे आणि रडार यांच्या मदतीने क्षेत्ररक्षक किती अंतरावर होता, चेंडूला पोहोचायला त्याला किती वेळ होता आणि तसा झेल सर्वसाधारणपणे कितपत घेतला जातो, हे मोजले जाते. मोजमाप असे असले, की पल्ल्याची शिक्षा होत नाही, उलट त्याचे श्रेय मिळते. क्रिकेटच्या मोठ्या मैदानांवर चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे पायचीतच्या निर्णयासाठी आधीच बसवलेले आहेत. क्षेत्ररक्षकांच्या हालचाली टिपणे हे त्यापुढचे पाऊल आहे. त्यासाठी खर्च लागेल, पण तंत्र नव्याने शोधावे लागणार नाही. अनेक संघ स्वतःपुरत्या अशा नोंदी ठेवतातही. २०२३ च्या विश्वचषकात भारतीय संघाचे क्षेत्ररक्षण प्रशिक्षक टी. दिलीप प्रत्येक सामन्यानंतर सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाला पदक देत होते आणि खेळाडू त्यासाठी किती उत्सुक असत, हे सर्वांनी पाहिले. प्रश्न एवढाच आहे, की जे ड्रेसिंग रूममध्ये मोजले जाते, ते प्रेक्षकाला, समीक्षकाला आणि निवड समितीला उघडपणे का मिळू नये?

निवडीच्या बाबतीत तर या अदृश्यतेचा थेट तोटा होतो. दोन फलंदाजांपैकी एकाची सरासरी ३८ आणि दुसऱ्याची ३५ असेल, तर पहिला निवडला जातो. दुसरा प्रत्येक डावात दहा धावा वाचवत असेल आणि मालिकेत दोन जास्त झेल घेत असेल, तरी ते कागदावर नसल्याने त्याची बाजू मांडणारा माणूस भावनिक ठरतो. जाँटीचीच कसोटीतली फलंदाजीची सरासरी ३५ च्या आसपास होती. मन्सूर अली खान पतौडीने एका डोळ्याची दृष्टी अपघातात गमावल्यानंतरही कव्हरमध्ये केलेले क्षेत्ररक्षण पाहिलेले लोक त्याबद्दल भरभरून बोलत, पण ज्यांनी ते पाहिले नाही, त्यांच्यासाठी आज पतौडी म्हणजे एक सरासरी आणि कर्णधारपदाचे काही विजय एवढाच उरतो. मोहम्मद कैफ आणि युवराज सिंग यांनी या शतकाच्या सुरुवातीला पॉइंट आणि कव्हरचा पट्टा बंद करून भारतीय क्षेत्ररक्षणाची पातळीच बदलली. त्यांतल्या कैफचे नाव पुढच्या पिढीला एका नॅटवेस्ट अंतिम सामन्यातल्या फलंदाजीपुरते आठवते.

काही संघांनी यावर मागच्या दाराने उपाय शोधला आणि तो मला मान्य नाही. १९३० च्या ट्रेंट ब्रिज कसोटीत मैदानावरच्या नोकरवर्गातला सिडनी कॉप्ली हा इंग्लंडचा बदली क्षेत्ररक्षक म्हणून आला आणि त्याने स्टॅन मॅक्‌केबचा अवघड झेल घेऊन सामना फिरवला. ती निव्वळ गरज होती. पण २००५ मध्ये त्याच मैदानावर गॅरी प्रॅट या बदली खेळाडूने पाँटिंगला धावबाद केले, तेव्हा पाँटिंग संतापला तो इंग्लंडचे गोलंदाज वारंवार बाहेर जातात आणि त्यांच्या जागी चपळ क्षेत्ररक्षक येतात यावर. प्रॅटच्या फेकीत काहीच खोट नव्हती आणि त्या वेळी बाहेर असलेला सायमन जोन्स खरोखरच दुखापतग्रस्त होता, हेही खरे. तरीही तत्त्व म्हणून पाँटिंगचे म्हणणे पटते. क्षेत्ररक्षणाला इतके मोल असेल, की त्यासाठी वेगळा माणूस आणावासा वाटतो, तर त्या माणसाला अकरांत जागा द्यावी आणि त्याची किंमत फलंदाजी-गोलंदाजीत मोजावी. विशेषज्ञ क्षेत्ररक्षकाला आयत्या वेळी आत आणण्याची सोय केली, तर अकरा खेळाडूंना सर्व कामे करावी लागतात, हा या खेळाचा पायाच ढिला होईल.

सर्वश्रेष्ठ कोण, हे विचारल्यावर अंग चोरणे बरे नव्हे. खेळाची सवय ज्याने बदलली असा क्षेत्ररक्षक म्हणून जाँटी ऱ्होड्सच्या जवळपास कोणी नाही; त्याच्यानंतर प्रत्येक देशातल्या मुलांना क्षेत्ररक्षण हे शिक्षा न वाटता खेळ वाटू लागले. सर्व जागांवर सारख्याच तोडीने उभा राहू शकणारा आजच्या काळातला खेळाडू म्हणून मी रवींद्र जडेजाचे नाव घेईन, कारण त्याची फेक, त्याचे पहिले पाऊल आणि त्याचे हात या तिन्हींत उणे काढायला जागा नाही. पण निव्वळ कसब, म्हणजे कमीत कमी वेळात, जास्तीत जास्त धोक्यात, संघाच्या गरजेच्या ठिकाणी उभे राहून केलेले काम एवढाच निकष लावला, तर मी एकनाथ सोलकरला सर्वांच्या वर ठेवतो. हे मत कोणी मानू नये असे वाटत असेल, तर त्याने आकडे मागावेत आणि मलाही तेच हवे आहे: त्याच्याकडे किती चेंडू आले, किती वेगाने आले, त्यांतले किती सुटले, आणि त्याच्यासारख्याच जागी उभ्या असलेल्या इतरांच्या हातून किती. सोलकरसाठी हे आता कधीच कळणार नाही. आज शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या खेळाडूसाठी कळू शकते, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने पुढच्या कसोटी अजिंक्यपदाच्या चक्रापासून प्रत्येक सामन्याच्या धावफलकाबरोबर आलेल्या संधी, त्यांची अवघडता आणि वाचवलेल्या धावा प्रसिद्ध करायला सुरुवात करावी.